हिरवा बेदाणा, पिवळी हळद आणि पाच पडदे : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

सांगलीच्या मार्केट यार्डातील ज्या पेढीचे संकेतस्थळ मी सांभाळतो, त्यावर सध्या हळद आणि बेदाणा मिळून २१४ छायाचित्रे आहेत. गेल्या आठवड्यात इंदूरच्या एका खरेदीदाराने हिरव्या बेदाण्याचा नमुना कुरिअरने मागवला आणि तो हातात पडल्यावर शेठजींना फोन करून विचारले, की चित्रात माल फिकट, थोडा पिवळट दिसत होता आणि हा तर चांगलाच हिरवा आहे, तेव्हा हा तोच माल आहे ना? माल अपेक्षेपेक्षा सरस निघाला, म्हणून ही रूढ अर्थाने तक्रार नव्हती. मात्र शेठजींचा हिशेब वेगळा आहे. ज्याने नमुना मागवला त्याला खरा रंग कळला. पण चित्रातला फिकट रंग पाहून जे परस्पर निघून गेले, ते किती असतील? बेदाण्याचा भाव आकाराइतकाच रंगावर ठरतो आणि हळदीचेही तसेच आहे, त्यामुळे त्यांची काळजी रास्त आहे. एकच छायाचित्र सर्व संगणकांवर आणि फोनवर शक्य तितके सारखे दिसावे, एवढे काम मी अंगावर घेतले आहे.

५ फेब्रुवारी

बेदाण्याचे एक आणि हळकुंडाचे एक अशी दोन छायाचित्रे पाच पडद्यांवर उघडून पाहिली. पेढीवरचा जुना मॉनिटर स्वस्तातला टीएन पडद्याचा आहे. खुर्चीत बसून पाहिले तर हळद पिवळी आणि उभे राहून पाहिले तर त्याच हळदीवर राखाडी झाक दिसते. माझ्या मॅकवर दोन्ही चित्रे शांत दिसतात. शेठजींचा अँड्रॉइड फोन रंग भडक दाखवण्याच्या ‘व्हिव्हिड’ पद्धतीवर लावलेला असल्याने त्यावर हळद जवळजवळ चमकते, तर त्यांच्या मुलाच्या आयफोनवर ती मॅकसारखी, पण किंचित उबदार दिसते, कारण त्यात खोलीतील उजेडानुसार पांढरा रंग बदलणारी ‘ट्रू टोन’ ही सोय चालू आहे.

पाचवा पडदा मुनीमजींच्या लॅपटॉपचा. त्यावर सर्वच चित्रे नारिंगी दिसत होती, आणि मी दुपारभर चालकप्रणाली, केबल, ब्राउझर असे सगळे तपासत राहिलो. शेवटी लक्षात आले, की डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी विंडोजमधील ‘नाइट लाइट’ ही पडद्याचा निळा उजेड कमी करणारी सोय दिवसरात्र चालू ठेवली आहे. ही तपासणी सर्वांत आधी करायला हवी होती. अर्धा दिवस वाया गेला, तो इथे नोंदवून ठेवतो.

एक निरीक्षण मात्र उपयोगी ठरले. पाचही पडद्यांवर हळद वेगवेगळी दिसली तरी ती हळदीसारखीच दिसली. बेदाणा मात्र सर्वत्र फिकटच दिसला. याचा अर्थ हळदीतला फरक पडद्यांचा असावा आणि बेदाण्यातला दोष फाइलमधलाच असावा.

८ फेब्रुवारी

संकेतस्थळावरील एकाही छायाचित्रात रंग-प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कोणत्या मापाचे हे सांगणारी माहिती, नाही. कारण शोधायला दूर जावे लागले नाही. चित्रे लहान करणारी आज्ञावली मीच तीन वर्षांपूर्वी लिहिली होती आणि फाइल हलकी व्हावी म्हणून तिला सर्व जादा माहिती काढून टाकायला सांगितले होते. त्या जादा माहितीबरोबर प्रोफाइलही गेले.

मूळ फाइलींची छाननी केली. २१४ पैकी १३९ फाइली एसआरजीबी या रंगपद्धतीत आहेत, १४ आयफोनवर काढलेल्या असून ‘डिस्प्ले पी३’ पद्धतीत आहेत आणि ६१ अडोबी आरजीबीमध्ये आहेत. या ६१ फाइली उघडण्याआधीच ओळखता येतात, कारण कॅमेऱ्यांच्या नामकरणाच्या नियमाप्रमाणे अडोबी आरजीबीतील छायाचित्राच्या नावाची सुरुवात अधोरेषेने होते. बेदाण्याची ही छायाचित्रे ज्या दुसऱ्या छायाचित्रकाराने काढली होती, त्याचा कॅमेरा त्या पद्धतीवर लावलेला होता. ६१ पैकी ५२ चित्रे बेदाण्याची आहेत.

शेठजींना हे समजावून सांगताना पायलीचा दाखला कामी आला. पूर्वी पायलीचे माप गावोगाव वेगळे असे. ‘चार पायल्या’ म्हटल्यावर कुठल्या गावची पायली हे सांगितले नाही, तर धान्य किती हे ठरत नसे. छायाचित्रातील प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे, आणि ते आकडे कोणत्या मापाचे हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये एसआरजीबीचा प्रस्ताव मांडला, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि वेबवर हेच माप गृहीत धरले जाते. चिठ्ठी नसलेल्या आकड्यांना ब्राउझर साधारणपणे एसआरजीबीचे समजतो. आमची चिठ्ठी मीच फाडली होती आणि आकडे दुसऱ्या मापाचे होते.

आता मुख्य प्रश्न राहतो, तो असा की बेदाणाच एवढा का मार खातो. एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी यांचे मूळ लाल आणि मूळ निळे रंग एकच आहेत. फरक मूळ हिरव्याचा आहे आणि अडोबीचा हिरवा बराच गडद, शुद्ध आहे. त्यामुळे एसआरजीबीचा निखळ हिरवा, म्हणजे ०, २५५, ०, अडोबीच्या मापात लिहायचा झाला तर तो १४४, २५५, ६० असा लिहावा लागतो. हे आकडे पुन्हा एसआरजीबीचे समजून वाचले, की हिरव्यात १४४ इतका लाल मिसळल्यासारखे होते आणि रंग पिवळट, धुवट दिसतो. उलट निखळ पिवळा २५५, २५५, ० हा अडोबीत २५५, २५५, ६० होतो, म्हणजे केवळ थोडा फिका पडतो. हळदीची तक्रार कोणी केली नाही आणि बेदाण्याची झाली, याचा उलगडा या दोन ओळींत होतो. इंदूरच्या खरेदीदाराची नजर अचूक होती.

९ फेब्रुवारी

आज एक चूक केली. सर्व ६१ मूळ फाइलींना एसआरजीबीचे प्रोफाइल जोडून दिले आणि चित्रे तपासली, तर ती आहेत तशीच फिकट होती. प्रोफाइल जोडणे आणि प्रोफाइलप्रमाणे रूपांतर करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत आकडे तेच राहतात आणि फक्त मापाचे नाव बदलते. दुसरीत रंग तोच राहावा म्हणून आकडे बदलतात. मी चुकीच्या मापावर तोलमापाचा शिक्का मारून ठेवला होता, एवढेच. नशिबाने हे प्रतीवर केले होते.

१२ फेब्रुवारी

काम व्यवस्थित झाले. ज्या फाइलींच्या मूळ प्रती आहेत त्या सर्वांना आधी त्यांचे खरे प्रोफाइल, मग एसआरजीबीत रूपांतर, मग आकार लहान करणे आणि शेवटी एसआरजीबीचे प्रोफाइल आत ठेवून जतन करणे, असा क्रम ठरवला. ८ तारखेच्या मोजणीत धरलेल्या पाच चित्रांच्या फाइली मूळ प्रती नाहीत, असे आढळले. ती संदेशांतून आलेली होती आणि त्यांचे माप आता कोणालाच ठाऊक नाही. ती काढून टाकली, पुन्हा काढू.

प्रोफाइल ठेवावे की नाही यावर थोडा विचार केला. प्रचलित एसआरजीबी प्रोफाइल ३१४४ बाइटचे असते. मोठ्या चित्रात ते जाणवतही नाही, पण सहा हजार बाइटच्या लघुचित्रात ते निम्म्याइतके भरते. वेबच्या सध्याच्या नियमानुसार प्रोफाइल नसलेले चित्र एसआरजीबीच समजायचे आहे, तेव्हा लघुचित्रांतून ते वगळता आले असते. तरीही फायरफॉक्समध्ये बराच काळ अशी व्यवस्था होती, की प्रोफाइल असलेल्या चित्रांचाच रंग सांभाळायचा आणि बाकीच्यांचे आकडे जसेच्या तसे पडद्याकडे पाठवायचे. ज्या पडद्याचा आवाका, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला, एसआरजीबीपेक्षा मोठा, त्यावर असे चित्र भडक होते, आणि मग पानावरचे लघुचित्र एका रंगाचे आणि त्यावर दाबल्यावर उघडणारे मोठे चित्र दुसऱ्या रंगाचे असा प्रकार घडतो. म्हणून लघुचित्रांतही प्रोफाइल ठेवले. प्रोफाइल दुसऱ्या आवृत्तीचे घेतले आहे, कारण चौथी आवृत्ती न वाचणारी जुनी सॉफ्टवेअर अजून वापरात आहेत.

१५ फेब्रुवारी

पेढीचे बोधचिन्ह पीएनजी स्वरूपात आहे आणि त्याची पिवळी पट्टी पानाच्या पिवळ्या मथळ्याला चिकटलेली असायला हवी. मुनीमजींच्या लॅपटॉपवर जोड दिसतो. पीएनजी फाइलमध्ये गॅमाचा, म्हणजे कोणत्या रंग-आकड्याला किती उजेड हे ठरवणारा, आकडा लिहून ठेवण्याची सोय आहे. तो आकडा चित्राला लागू होतो, पण पानाच्या शैलीत लिहिलेल्या रंगाला होत नाही, त्यामुळे शेजारी ठेवलेले दोन समान पिवळे रंग वेगळे दिसू शकतात. आकडा काढून टाकला, जोड गेला.

या गॅमाची कुळकथा जुनी आहे. मॅकचा गॅमा पूर्वी १.८ आणि विंडोजचा साधारण २.२ असे, म्हणून विंडोजवर तयार केलेले चित्र मॅकवर फिके आणि मॅकवर तयार केलेले विंडोजवर काळवंडलेले दिसे. २००९ मध्ये आलेल्या स्नो लेपर्ड या मॅकच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून मॅकनेही २.२ स्वीकारला. त्याहून आधी २५६ रंगांच्या पडद्यांच्या काळात दोन्हींवर समान मिळणारे २१६ रंगच वापरायचे अशी शिस्त होती. मथळ्याचा पिवळा २५५, २०४, ० हा त्याच २१६ मधला आहे. तो बदलण्याचे कारण नाही.

२० फेब्रुवारी

फाइली दुरुस्त झाल्या, पण छायाचित्रांचे काय? पाच चित्रे नव्याने काढायची होती, तेव्हा पेढीवर कॅमेरा लावला आणि एकेक दोष दिसू लागला. आत ट्यूबलाइट, दारातून ऊन आणि दारावर निळी ताडपत्री, असा तिहेरी उजेड मालावर पडतो. त्यातून हळदीची रास चौकटभर असली, की कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून पांढरे पांढरेच दाखवण्याची सोय) फसतो: सर्वत्र पिवळे दिसल्यावर उजेडच पिवळा आहे असे तो समजतो, निळ्याकडे झुकतो आणि उत्तम राजापुरी हळद शिळी दिसू लागते. अशा चित्राला जगातले कोणतेही प्रोफाइल वाचवू शकत नाही, कारण चूक आकड्यांत शिरण्याआधीच झालेली असते.

आता माडीवरच्या उत्तरेकडील खिडकीजवळ टेबल ठेवले आहे. प्रत्येक वेळी आधी करड्या पुठ्ठ्याचे आणि २४ रंगांच्या तक्त्याचे छायाचित्र काढायचे, त्यावरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवायचा आणि कॅमेऱ्याचे कच्चे स्वरूप घ्यायचे. तक्त्याचे ठरलेले रंग आणि आमच्या चित्रातले रंग यांतील सरासरी फरक सीआयई २००० या सूत्राने आज १.८ आला, साधारण १ इतका फरक शेजारी ठेवल्यावर डोळ्याला जेमतेम कळतो, तेव्हा हे समाधानकारक आहे.

बेदाण्याची एक वेगळी अडचण आहे. तो अर्धपारदर्शक असतो, मागून उजेड आला तर हिरवा उजळतो आणि काळ्या कापडावर तोच दाणा मातकट दिसतो. शिवाय तो स्वतःच रंग बदलतो. उष्णतेत हळूहळू तांबूस होतो, म्हणून तर तासगाव-सांगलीकडे तो शीतगृहात ठेवतात. आठवडाभर टेबलावर राहिलेल्या नमुन्याचे छायाचित्र काढू नये, शीतगृहातून आणल्या दिवशीच काढावे आणि फाइलच्या नावात तारीख लिहावी, असा नियम केला.

२७ फेब्रुवारी

हळद पावडरीची चित्रे. या पाच-सहा चित्रांनी मला सर्वांत जास्त छळले. पॉलिश केलेले हळकुंड एसआरजीबीत नीट बसते, पण पावडरीच्या ढिगात निळ्याचा आकडा जागोजागी शून्यावर टेकतो. पावडरीचा पिवळा एसआरजीबीच्या आवाक्याबाहेर जातो, आणि बाहेर गेलेले सर्व रंग कडेवर येऊन एकच होतात. परिणामी ढिगाचा पोत, बोटांचे ठसे, सावलीची उतरण सगळे नाहीसे होऊन पिवळा चिखल लावल्यासारखा सपाट ठिपका उरतो.

रूपांतर करताना ‘परसेप्च्युअल’ पद्धत निवडली तर बाहेरचे रंग कडेवर न आदळता सगळेच थोडे थोडे आत ओढले जातात, असे शिकलो होतो; निवडून पाहिली, काहीच बदल झाला नाही. कारण साधे आहे. माझे एसआरजीबी प्रोफाइल केवळ तीन मूळ रंग आणि एक वक्र एवढ्यावर उभे आहे. त्या पद्धतीसाठी लागणारे तक्ते त्यात नाहीतच, म्हणून सॉफ्टवेअर मुकाट्याने कडेवर कापण्याचीच क्रिया करते. पर्याय निवडता येतो म्हणून तो चालतोच असे नाही.

दुसरा मार्ग डिस्प्ले पी३ चा. त्याचा आवाका एसआरजीबीपेक्षा सुमारे २५ टक्के मोठा आहे, २०१६ च्या आयफोन ७ पासून तो आयफोनच्या पडद्यांवर आला आणि पडद्याचा आवाका विचारून त्याप्रमाणे वेगळी फाइल देण्याची सोय वेबच्या पानात आहे. चार चित्रे तशी लावली. शेठजींच्या मुलाच्या फोनवर पावडर खरोखर जिवंत दिसली आणि मला ती ठेवण्याचा मोह झाला. पण एकाच पेढीवर बसलेले दोन खरेदीदार दोन फोनवर एकाच मालाचे दोन पिवळे पाहणार असतील, तर आपण ज्या कामाला निघालो त्याच्या उलट दिशेला जातो. चारही चित्रे मागे घेतली. त्याऐवजी पावडरीची झळाळी हाताने थोडी कमी केली, जेणेकरून निळा शून्याच्या वर राहील आणि पोत दिसेल. रंग खऱ्यापेक्षा किंचित मवाळ आहे, हे मान्य करून हा निर्णय घेतला आहे.

६ मार्च

कोणते यंत्र प्रोफाइल पाळते आणि कोणते नाही, हे डोळ्याने ठरवणे कठीण, कारण एसआरजीबी चित्र दोन्हींवर जवळपास सारखेच दिसते. म्हणून एक युक्ती केली. एका चित्रातील लाल आणि निळ्या आकड्यांची अदलाबदल केली आणि त्याला जोडायच्या प्रोफाइलमध्येही लाल-निळ्याची तशीच अदलाबदल केली. प्रोफाइल पाळणारे यंत्र दोन्ही अदलाबदली एकमेकींत जिरवून पिवळी हळद दाखवते. न पाळणारे निळी हळद दाखवते.

पाचही यंत्रांवरील ब्राउझरांनी पिवळी दाखवली. पेढीच्या संगणकावरील जुन्या चित्रदर्शकात ती निळी निघाली, आणि संदेश पाठवण्याच्या एका अॅपमधून पाठवलेली प्रत पलीकडे निळी होऊन पोहोचली. म्हणजे ते अॅप चित्र पुन्हा दाबताना प्रोफाइल टाकून देते. आमचे निम्मे व्यवहार त्याच मार्गाने होतात, तेव्हा आकडे मुळातच एसआरजीबीचे ठेवण्याचा १२ तारखेचा निर्णय योग्य होता. चिठ्ठी हरवली तरी गृहीत धरलेले माप तेच निघते.

निळी हळद पाहून मुनीमजींनी विचारले, "हा कुठला नवा वाण आणला?"

११ मार्च

मिरजेच्या एका छायाचित्रकार मित्राकडून पडदा मोजण्याचे यंत्र दोन दिवसांसाठी आणले. पेढीचा मॉनिटर पांढऱ्याच्या जागी बराच निळसर पांढरा दाखवत होता. तो ६५०० केल्विनचा पांढरा, २.२ गॅमा आणि दर चौरस मीटरला १२० कँडेला उजेड यावर आणला. शेठजी म्हणाले, "अहो, पडदा जुन्या वहीसारखा पिवळट झालाय." दोन दिवस तसाच ठेवा अशी विनंती केली आहे.

१३ मार्च

शेठजींनी पडद्याबद्दल पुन्हा काही म्हटले नाही. यंत्र परत केले.

२२ मार्च

आज शेठजींशी शेवटचा हिशेब करायला बसलो होतो आणि मी प्रामाणिकपणे सांगितले, की आपल्या बाजूचे सर्व झाले आहे, पण इंदूरच्या माणसाचा पडदा, त्याची रात्रीची सोय, त्याच्या फोनचा भडकपणा आपल्या हातात नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नाव घेऊन विचारणारे दूरचे ग्राहक वाढले, असे शेठजींचे म्हणणे आहे, म्हणजे अनोळखी पडदेही वाढले.

त्यावर त्यांनी जे सांगितले, ते मला दीड महिन्यात सुचले नव्हते. सौद्यात कोणीही व्यापारी एका नमुन्याकडे पाहून रंग बोलत नाही. तो शेजारी दुसरा नमुना ठेवतो आणि मग बोलतो. मग चित्रात एकटाच बेदाणा कशासाठी? एका ताटात मालाच्या तीन प्रती, म्हणजे तीन दर्जे, शेजारी शेजारी ठेवून का दाखवू नये?

लगेच माडीवर जाऊन तीन प्रतींचा हिरवा बेदाणा एका पांढऱ्या ताटात घातला, कडेला करड्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवली आणि चित्र पाचही पडद्यांवर उघडले. भडक फोनवर तिन्ही भडक, मुनीमजींच्या नारिंगी लॅपटॉपवर तिन्ही नारिंगी, पण पहिली प्रत दुसरीपेक्षा आणि दुसरी तिसरीपेक्षा किती हिरवी, हे पाचही ठिकाणी सहज कळत होते. पडदा रंग सरकवतो तेव्हा तो शेजाऱ्यालाही बहुतांशी बरोबर घेऊनच सरकवतो. अर्थात हे तेव्हाच साधते, जेव्हा तिन्ही प्रती एकाच उजेडात, एकाच चौकटीत आणि एकाच फाइलमध्ये असतात. तीन वेगळी चित्रे पानावर शेजारी मांडून ते होत नाही, आणि हळद पावडरीसारखा रंग आवाक्याच्या कडेला कापला गेला असेल तरीही होत नाही. २७ फेब्रुवारीचा मवाळपणा इथे उपयोगी पडतो.

२८ मार्च

बेदाण्याच्या ११ आणि हळदीच्या ९ प्रकारांसाठी ताटातील तुलनाचित्रे काढून चढवली. जुन्यांपैकी २०९ दुरुस्त चित्रे आहेत तशी ठेवली. इंदूरच्या खरेदीदाराला बेदाण्याचे नवे चित्र पाठवले होते. त्याने फोनवर ‘मधला’ मागितला आणि शेठजींनी मधलाच पाठवला आहे. चढवण्यापूर्वी प्रत्येक फाइलमध्ये प्रोफाइल आहे की नाही आणि निळ्याचा आकडा किती ठिपक्यांत शून्य आहे, हे तपासणारी आज्ञावली जोडली. प्रोफाइल नसेल तर ती फाइल परत करते. पी३ चित्रे वेगळ्या संग्रहात ठेवली आहेत. मुनीमजींचा ‘नाइट लाइट’ काल पुन्हा चालू झालेला आढळला.